मधला स्पीकर आहे का?

२ मार्च, शनिवार
मेव्हण्याने त्याचा होम थिएटरचा जुना रिसीव्हर आणून दिला. त्याने स्वतःसाठी नवा घेतला, म्हणून हा आपल्या गळ्यात. जीव लहान आहे, आवाजाचं बटण जरा हलतं, पण पाच स्पीकर चालवतो. आता स्पीकर निवडायचे. हे काम या घरात फक्त मला जमेल.

कारणही मोठं आहे. सतरा तारखेला लेकीचा सिनेमा टीव्हीवर. म्हणजे दिसणार दुसरीच कुणी, आवाज आमच्या लेकीचा. डबिंगमधलं पहिलं काम. दीपगृहवाल्याच्या मुलीची भूमिका. बाबांना हल्ली टीव्हीवरचं बोलणं कळत नाही, म्हणून त्यांनी हॉलमध्ये येणंच बंद केलंय. सतरा तारखेला मात्र येणार आहेत. नातीचा आवाज ऐकायचाय, एवढं एकच मागणं.

ही म्हणाली, बोलणं स्वच्छ ऐकू आलं की झालं, उगाच पसारा नको. बायकांना ध्वनिशास्त्र समजत नाही.

संकल्प : अभ्यास करून खरेदी. घाई नाही.

३ मार्च, रविवार
अभ्यास झाला. तीन व्हिडिओ पाहिले.

५ मार्च, मंगळवार
ऑफिसमध्ये तोफखान्याकडे विषय काढला. (याला सगळे तोफखाना म्हणतात. तो कुजबुजला तरी तिसऱ्या मजल्यावर कळतं.) त्याच्याकडे टॉवर स्पीकर आहेत, कमरेपर्यंत येतात म्हणे. वर विचारतो कसा, की तुझ्या त्या रिसीव्हरला छोटेच शोभतील ना? मी हसलो. हसताना दात आवळले होते.

दिवसभर विम्याचे क्लेम तपासले. एका गृहस्थाने फॉर्मवर घरात अग्निशामक आहे असं लिहिलं होतं, पण तो अजून विकत घ्यायचा होता. दावा बाद. तो फोनवर म्हणत होता, साहेब, घेणारच होतो. मी त्याला शांतपणे समजावलं, की आमच्याकडे 'आहे' म्हणजे आहे. लोक सही करण्याआधी वाचत का नाहीत?

९ मार्च, शनिवार
सकाळी बाबांची कानाच्या डॉक्टरकडे वेळ घेतलेली होती. पुढे ढकलली. स्पीकरच चांगले आले तर कान तपासायची गरज काय? बाबांना ओरडून सांगितलं. ते बरं म्हणाले. नवा शर्ट घालून तयार बसले होते, तो काढून ठेवला.

दुकानात गेलो. दुकानदाराने रिसीव्हरचं मॉडेल विचारलं आणि तोंड बारीक केलं. त्याचं म्हणणं, या जिवाला पेलतील असे दोन छोटे घ्या आणि पैसे मधल्या स्पीकरवर घाला, सिनेमातलं बोलणं सगळं तिथूनच येतं. मधला स्पीकर पाहिला. आडवा, बुटका, टीव्हीखाली ठेवायचा. पाहुण्यांना दिसणारसुद्धा नाही!

टॉवर घेतले. छातीपर्यंत येतात. तोफखान्याच्या वर एक वीत तरी. मागे लावायचे दोन छोटेही घेतले. मधल्यासाठी बजेट उरलं नाही. पुढच्या महिन्यात.

१० मार्च, रविवार
जोडणी. वायरी ओढताना बाबांची आरामखुर्ची आड येत होती, ती गॅलरीत ठेवली.

रिसीव्हर पडद्यावर एकेक प्रश्न विचारतो. पुढचे स्पीकर आहेत का? हो. मागचे? हो. मधला? जरा थांबलो. 'नाही' दाबायला बोट उठेना. एवढे टॉवर उभे करून नाही काय म्हणायचं? घेणारच तर आहे. 'हो' दाबलं. सोबत जाडजूड पुस्तिका होती, ती टॉवरखाली घातली. जरा डुगडुगत होता.

गाणं लावून पाहिलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. खालचे काका वर येऊन काय पडलं ते विचारून गेले. चाचणी यशस्वी.

१४ मार्च, गुरुवार
रविवारची आमंत्रणं दिली. मेव्हणा, खालचे काका-काकू, आणि तोफखाना. तोफखान्याला मुद्दाम.

लेक म्हणाली, बाबा, एकदा एखादा सिनेमा लावून बघूया का? मी म्हटलं, गाणं वाजलं म्हणजे सिनेमा वाजणारच. एखाद्याने किती शंका घ्याव्यात!

१७ मार्च, रविवार, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही.

सगळे जमले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून अगदी समोर बसले. टीव्हीचा स्वतःचा आवाज मी सकाळीच बंद करून टाकला होता, एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे तो कशाला म्हणून. सिनेमा सुरू झाला. लाटा काय, वारा काय! मेव्हणा वा म्हणाला. मी मान झुकवून स्वीकारलं.

मग माणसं बोलायला लागली आणि काहीच ऐकू येईना. ओठ हलतायत, पाठीमागे समुद्र गर्जतोय. मला वाटलं, सुरुवातीची प्रतीकात्मक शांतता असेल. तसं जाहीरही केलं. तोफखाना माझ्याकडे बघायला लागला.

मग लेकीचा प्रसंग. वादळात ती मुलगी होडीतून बापाला हाका मारते, दिवा विझू देऊ नको म्हणते. लेकीने आजोबांना आधीच समजावून ठेवलं होतं, की आजोबा, लाल स्वेटर दिसला की तो माझा आवाज. लाल स्वेटर दिसला. बाबा पुढे वाकले, कानामागे हात धरला. मी घाईघाईने आवाज वाढवला. वादळ वाढलं. आणखी वाढवला. काकूंनी कानांवर हात ठेवले. शेवटी रिसीव्हरला टॉवर पेलेनात. टक् झालं आणि त्याने स्वतःला बंद करून घेतलं.

त्या शांततेत बाबांनी लेकीला विचारलं, झालं का बाळ तुझं? मला जरा कमीच ऐकू आलं गं. कान गेलेत माझे.

मी म्हणालो, कान नाही बाबा, चॅनेलवाल्यांचा घोटाळा, आवाजाचा ट्रॅकच पाठवला नाही त्यांनी. तोंडातून निघून गेलं. तेवढ्यात तोफखान्याला काहीतरी काम आठवलं.

१८ मार्च, सोमवार
लेकीने स्टुडिओतल्या मॅडमना फोन करून तक्रार केली. माझ्या वडिलांना साउंडमधलं कळतं, असं म्हणाली. मी पेपर डोळ्यांसमोर धरून ऐकत होतो. मॅडम म्हणाल्या, बाकी सगळ्यांकडे व्यवस्थित ऐकू आलं, आणि पहिल्याच कामात कुरकुर बरी नव्हे. लेक फोन ठेवून आत गेली. जेवली नाही.

बोलायला हवं होतं. पेपर उलटा धरलेला आहे हे हिने येऊन सांगितलं.

१९ मार्च, मंगळवार
टॉवरखालून पुस्तिका काढली. पान बाविसावर चौकटीत ठळक छापलंय : मधला स्पीकर नसल्यास 'नाही' निवडा, अन्यथा संवाद ऐकू येणार नाहीत. गाणं नुसत्या टॉवरमधून वाजतं, म्हणून चाचणीत कळलं नाही. मी नसलेला स्पीकर आहे म्हणून सांगितला. रिसीव्हरने बिचाऱ्याने विश्वास ठेवला आणि माझ्या लेकीचा सगळा आवाज तिकडे पाठवला. त्या रिकाम्या जागेत.

'नाही' दाबलं की टॉवरमधूनच बोलणं आलं असतं. एक बटण.

तो अग्निशामकवाला आठवला. पुस्तिका पुन्हा टॉवरखाली.

२१ मार्च, गुरुवार
बाबांना सगळं सांगून टाकलं. हळू आवाजात, ते खिडकीबाहेर बघत असताना. ते हं म्हणाले. थोडं हलकं वाटलं.

हलकं कसलं. लाज वाटते.

२३ मार्च, शनिवार
बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पुन्हा तोच शर्ट. डॉक्टर म्हणाले, यायला उशीर केलात, हे तर सहा महिन्यांपूर्वीच व्हायला हवं होतं. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कानाकडे बघत राहिलो. बाबांच्या कानात शेंगदाण्याएवढं मशीन बसवलं.

परत येताना मी सवयीने पुटपुटत होतो. लेकीला कसं सांगू, तोंड कुठे लपवू, वगैरे. बाबा रस्त्यातच थांबले. म्हणाले, गुरुवारी खिडकीच्या काचेत नुसता तुझा चेहरा दिसत होता, आज शब्दही कळले. हे मला नको सांगूस, घरी जाऊन तिला सांग. आणि इतक्याच स्पष्ट.

सांगितलं. लेक चिडली असती तर बरं झालं असतं. तिने स्टुडिओचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मॅडमना मी म्हणालो, चूक माझी, मी खोटी माहिती भरली होती, मुलीचा काही दोष नाही. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मंगळवारी तिला पाठवा.

बाबांनी गॅलरीतली खुर्ची आत आणायला लावली आणि नातीला समोर बसवून तिचे संवाद म्हणायला सांगितले. टॉवरच्या मध्ये उभी राहा, तिथे आवाज खुलतो, असं मी सुचवणार होतो. बाबांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. लेकीने बापाला हाक मारली, दिवा विझू देऊ नको म्हणाली. बाबांनी डोळे पुसले आणि पुन्हा म्हण म्हणाले. मी दाराशी उभा होतो. मलाही ते पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

टॉवर दुकानदार परत घेत नाही. एकावर हिने ओले टॉवेल टाकलेत.

सगळे जेवायला बसल्यावर रिसीव्हर चालू केला. मधला स्पीकर आहे का? 'नाही' दाबलं.