नाकाची साक्ष

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०
चहाविषयी मी आजवर मौन पाळलं. आज ते सोडतो. गेला महिनाभर या घरात चहा या नावाखाली जे मिळतं ते गरम असतं, तपकिरी असतं, आणि त्याबद्दल याहून जास्त काही सांगता येत नाही. चव नाही, वास नाही. व्यापाऱ्यांची नीतिमत्ता लयाला गेली आहे. हिला बोललो. म्हणाली, डबा तोच, पूड तीच, हात तेच. पण हिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. लहानपणच्या ऑपरेशनपासून हिचं नाक मेलेलं आहे. हिला अत्तर आणि रॉकेल एकच.
संकल्प: चहाची पूड यापुढे मी आणणार.

दुपारी
पुढच्या खोलीत पडद्याआड हिचं पार्लर. शाळेतून मुदतीआधी निवृत्त झाल्यापासून दाराजवळच्या टेबलावर मी बसतो. अपॉइंटमेंटची वही, फोन, आणि माझा ग्रंथ ‘केशविचार’. संस्कृत वाङ्मयातल्या केसांचा साद्यंत परामर्श. आजवर लिहून झालेला भाग: शीर्षक.

७ ऑगस्ट, गुरुवार
नवीन पूड आणली. तीही तशीच. भेसळ सार्वत्रिक आहे.
केस सरळ करून घ्यायला हल्ली रांग असते. बाटलीतलं औषध वाटीत काढायचं, केसांना चोपडायचं, ड्रायरने वाळवायचं आणि तापलेल्या स्ट्रेटनरने एकेक बट दाबत न्यायची. थोडा धूर निघतो. हिला वास कळत नाही, म्हणून रोज सकाळी पहिली वाटी माझ्या नाकाखाली येते. मी दीर्घ श्वास घेतो, ठीक आहे म्हणतो, मग काम सुरू. ही जबाबदारी मी हसत पत्करली आहे. शाळेत मुलं मला नाकशास्त्री म्हणत. फळ्यापाशी उभा राहून शेवटच्या बाकावरच्या दप्तरातलं संत्रं मी ओळखत असे.
जूनच्या मालाला उग्र दर्प होता. श्वास घेतला की टाळूपर्यंत झणका जायचा. जुलैपासून काही नाही. कंपनीने सुधारणा केलेली दिसते.
बँकेतल्या बाई आज म्हणाल्या, डोळे फार चुरचुरतात हो. त्यांना शांतपणे समजावलं. गंध हा पृथ्वीचा गुण. जिथे गंध नाही तिथे पदार्थ नाही. बाटलीवर ‘घातक रसायनविरहित’ असं छापलं आहे, हे शब्दप्रमाण. माझं नाक, हे प्रत्यक्ष प्रमाण. दोन्ही जुळल्यावर डोळ्यांचं कोण ऐकतो. बाईंनी रुमाल लावला आणि गप्प बसल्या. पटलं असावं.
संध्याकाळी पाटी रंगवून दारावर लावली: वासरहित, त्रासरहित.

११ ऑगस्ट, सोमवार
हवा बाहेर फेकणारा पंखा हा ‘केशविचारा’चा खरा शत्रू. घरघर अखंड. त्यात खिडकी उघडी, की कागद उडतात. आज प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मनात आलं होतं, ते पंख्याने नेलं. बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पंख्याच्या तोंडाशी ठोकला. खिडकी लावून घेतली. तात्पुरतंच. रविवारी तेल घातलं की पुठ्ठा काढायचा.
ही म्हणाली, कोंडल्यासारखं होतंय. म्हटलं, रविवारी.
शांतता उत्तम. वाक्य परत आलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
तेलाची बाटली सापडली नाही. पुढच्या रविवारी.

२० ऑगस्ट, बुधवार
मुलगी दुसऱ्या गावी औषधांच्या प्रयोगशाळेत आहे. तिने पोस्टाने एक यंत्र पाठवलं. हवेत विषारी वायू असेल तर ते वाजतं. सोबत फोनवर अर्ध्या तासाचं व्याख्यान: बाटलीवर काय छापलंय ते सोडा बाबा, आत तेच रसायन दुसऱ्या नावाने असतं, गरम इस्त्री लागली की वायू सुटतो, फुप्फुसं धरतो, आईला रोज तेच. मी म्हटलं, आधी माझं नाक, मग तुझं यंत्र. ती म्हणाली, यंत्राला पेन्शन नसते, त्यामुळे ते खरं बोलतं. लेकीला विनोदाचं अंग माझ्याकडून आलं आहे.
पडद्याअलीकडे माझ्या टेबलावर ठेवलं. हिने पलीकडे पहिली बट दाबली आणि ते केकाटू लागलं. स्वयंपाकघरात नेलं, गप्प. परत आणलं, केकाटलं. निष्कर्ष: यंत्राला माणसांची सवय नाही. आतून हिने विचारलं, काय वाजतंय. म्हटलं, नवीन आहे, स्वतःची तपासणी करतंय.
दोन गिऱ्हाइकं एकमेकींकडे बघायला लागली, तेव्हा त्यातला सेल काढला. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ जूनपासून बंद होतं, त्याला नेमका तोच लागतो. आता घड्याळ सुरू आणि यंत्र शांत. एका सेलात दोन कामं.
रात्री मुलीला कळवलं की सकाळनंतर यंत्र एकदाही वाजलेलं नाही. खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
तेल मिळालं. शिडी नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
हिचा खोकला. आठवडाभर सुरूच होता, पण आज फोनवर बोलताना व्यत्यय आला म्हणून नोंद करतो. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसते. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिला विचारलं, कामात काही रसायनं असतात का. हिला दम लागला होता, म्हणून उत्तर मी दिलं: सगळं तपासूनच वापरतो. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचं औषध दिलं आणि आठवडाभर काम बंद ठेवायला सांगितलं. सोमवारच्या तीन अपॉइंटमेंट मी आधीच लिहून ठेवल्या होत्या. शाईने. ही म्हणाली, बघू.
परतताना रिक्षात खिडकीकडे तोंड करून बसली होती. हवा खात.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
अप्रिय प्रसंग. दूध करपलं. मी गॅसपाशीच उभा होतो, प्रस्तावनेच्या विचारात. स्वयंपाकघर धुराने भरलं. गिऱ्हाइकाने ओरडून सांगितलं तेव्हा ही धापा टाकत आली. भांडं उतरवलं. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.
मग मला पुढच्या खोलीत आणून खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटायला लावले. नाकाखाली काहीतरी धरलं. म्हणाली, ओळखा. मी म्हणालो, साबण. दुसरं धरलं. म्हणालो, तोच साबण. डोळे उघडले. एका हातात फिनेलची बाटली, दुसऱ्या हातात सोललेला लसूण.
परीक्षेची पद्धत सदोष होती. डोळे मिटल्यावर कुणालाही काही कळत नाही. हे मी सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली,
“अहो, मी तुमच्या नाकाच्या भरवशावर काम करतेय हो.”
सर्दी असावी. सर्दी नसताना सर्दी असू शकते.
मग तिने विचारलं, “आणि ते पोरीचं यंत्र? ते काय म्हणतंय?”
“गप्प आहे,” मी म्हणालो.
“चालू आहे ना पण?”
घड्याळाकडे बघून म्हणालो, “चालू आहे.”
“मग ठीक,” म्हणाली. “यंत्र गप्प आहे तर सोमवारच्या तिघी उरकून टाकते. मग आठवडाभर पडते.” पदराने डोळे पुसून पडद्यामागे गेली. डोळे धुरामुळे.

३१ ऑगस्ट, रविवार
शिडी आणली. जेवण जरा जड झालं. उद्या नक्की.

१ सप्टेंबर, सोमवार
दुपारी सव्वाचारला ही पडली.
वेळ अचूक आहे. सेल नवा होता.
तिसरं गिऱ्हाईक खुर्चीत होतं. आधी स्ट्रेटनर खाली पडल्याचा आवाज आला, मग हिचा. मी पडदा सारला. ओठ निळसर. हात गळ्याशी. मला काहीतरी सांगत होती, पण त्याला आवाज नव्हता. बोट खिडकीकडे होतं. खिडकी उघडायला गेलो तर कडी गंजलेली. रुग्णवाहिका आली तोवर तिसऱ्या गिऱ्हाइकाने खुर्ची मारून काच फोडली होती. दमदार बाई.
तिचे अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे. स्ट्रेचर निघाल्यावर दारात उभं राहून तिने मला विचारलं, हे उरलेलं कधी. मी वही उघडली आणि पुढच्या सोमवारची वेळ दिली. लिहून झाल्यावर लक्षात आलं की तिने ते रडत विचारलं होतं.

३ सप्टेंबर, बुधवार
श्वासनलिका सुजल्या आहेत. तोंडावर मास्क. डॉक्टर म्हणतात, आणखी एक तास त्या खोलीत काढला असता तर बोलणंच संपलं होतं. मोठे डॉक्टर आहेत, अतिशयोक्ती करत नसावेत.
मुलगी सकाळच्या गाडीने आली. आधी दवाखान्यात, मग घरी. माझ्याशी बोलली नाही. पार्लरमध्ये उभी राहिली. पुठ्ठ्याकडे बघितलं, शिडीकडे बघितलं. टेबलावरचं यंत्र उचललं, मागचं झाकण सरकवलं. आत रिकामं. मग तिने मान वर केली. घड्याळ टिकटिकत होतं.
खुर्चीवर चढून घड्याळ उतरवलं, सेल काढला, यंत्रात घातला. कपाटातली उघडी बाटली आणि हिचा स्ट्रेटनर टेबलावर घेतला, तो तापवून त्याच्या पट्टीवर एक थेंब टाकला. यंत्र केकाटू लागलं. तिने ते माझ्या तोंडासमोर धरलं.
“बाबा, वास येतोय?”
मी मान हलवली. नाही.
“मला पायरीवरूनच येत होता,” म्हणाली.
यंत्र तिने बरोबर नेलं. सेलसकट.

८ सप्टेंबर, सोमवार
दवाखान्यातल्या चहालाही चव नाही. माझ्या शेजारचा माणूस तोच चहा घेऊन म्हणाला, काय मस्त आलं घातलंय. कप नाकापाशी धरून बसलो. निवेपर्यंत.
हिचा मास्क निघाला. आवाज खरखरीत, एका वेळी तीन शब्द. मुलीने हिला काही सांगितलेलं नाही. मला म्हणाली, ते तुम्ही सांगायचं. हिने आज माझा हात धरला आणि म्हणाली, यंत्रच खराब निघालं. त्या पोरीला बोलू नका. मी म्हटलं, नाही बोलणार.
पाटी उतरवली. पुठ्ठा काढला. पंख्याला तेल घातलं, वीस मिनिटांचं काम होतं. अर्ध्या केसांची बाई दिलेल्या वेळेला आली, बंद दार बघून परत गेली. ‘केशविचारा’च्या वहीत शीर्षकाखाली लिहायला बसलो, काही सुचलं नाही.
घड्याळाला नवीन सेल आणायला दुकानात गेलो होतो. काउंटरपर्यंत जाऊन परत आलो. ते तीन वाजून पाच मिनिटांवर थांबलं आहे, आणि पडदा सारला की हिच्या खुर्चीतून नेमकं समोर दिसतं.
गुरुवारी घरी सोडणार आहेत. ही जाईल अशी भीती मला दोन दिवस होती. ती भीती गेली. आता ही येईल, खुर्चीत बसेल आणि विचारेल की घड्याळ चालू होतं ना, बंद कसं पडलं, याची भीती वाटते.