गालावरची तीट

रविवार, २ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा नाशिकला! बदलीचा कागद हातात पडला तेव्हा साताऱ्यातल्या मित्रांनी अशी तोंडं केली की जणू मला काळ्या पाण्यावर धाडताहेत. इथे मात्र पहिल्याच दिवशी अशोकस्तंभाजवळ दोन छान खोल्या मिळाल्या. खाली घरमालक शामसुंदर काका आणि सुमेधा काकू राहतात. काकूंनी थालीपीठ पाठवलं आणि परक्यासारखा राहू नकोस अशी तंबी दिली. मग काकांनीही मला घरचा मानून पाण्याची मोटर चालू-बंद करायचं काम गळ्यात घातलं.

इरा आणि स्वरदा कराडला, इराच्या माहेरी आहेत. लेक आठ महिन्यांची, नुकती सर्दीतून उठलीय, म्हणून महिनाअखेरीस येतील. तोवर मी, माझा कुकर आणि कोरी स्केचवही.

अनोळखी माणसं चितारायचा मला जुना नाद आहे. ओळखीचा माणूस नाक मोठं काढलं म्हणून वर्षभर बोलत नाही. अनोळखी माणूस आपल्या स्टॉपला उतरून जातो, काही तक्रार नाही. खरं सांगायचं तर मला ते कधी फारसं जमलं नाही. कागदावर माणूस दिसतो, पण तोच माणूस दिसत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बँकेची शाखा नाशिकरोडला, म्हणजे रोज शहर बस. द्वारकेच्या चौकात बस अडकली की हलायचं नाव घेत नाही. लोक शिव्या घालतात, मी पेन्सिल काढतो. आणि नवल असं की इथलं पाणी हाताला मानवलंय! चेहरे आपसूक उतरताहेत.

आज समोर साळूबाई होती. हरसूलहून नागलीचं पीठ विकायला येते, सगळी बस तिला ओळखते. चेहरा असा काही जमत आला होता, आणि ड्रायव्हरने गचका दिला. हनुवटीवर ही काळी रेघ! मी चडफडलो. साळूबाई वाकून बघायला लागली आणि खुशीत हसली. म्हणाली, बरं झालं पोरा, तीट लागली. माणसाचं तोंड पुरं उतरवू नाय कागदावर.

मी हो हो म्हटलं आणि मनात हसलो. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका लावतात, ते समजू शकतो. आमची इराही लावते. पण कागदाला कसली दृष्ट?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एक कॉलेजची मुलगी काढली. मोठं कपाळ, जुळत आलेल्या भुवया, ओठ किंचित वाकडा. हुबेहूब! सबंध जन्मात असं चित्र काढलं नव्हतं. मीच माझी पाठ थोपटून घेतली.

गंमत म्हणजे चित्र पुरं झालं आणि तिचा फोन रुसला. ती चेहऱ्यासमोर धरायची, फोन काही उघडेना. केस मागे घेतले, चष्मा काढला, तरी नाही. उपनगरच्या स्टॉपला तिची मैत्रीण चढली, तशी हिने हात केला, नावाने हाक मारली. मैत्रिणीने तिच्याकडे सरळ बघितलं आणि मागे जाऊन बसली. भांडण झालं असेल. पोरीचे डोळे भरून आले होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

सकाळी बसमध्ये एक म्हातारबाबा काढले. करडा मफलर, त्याला एका टोकाला लाल ठिगळ. लांब पाळ्यांचे कान, मिस्किल डोळे. चित्र इतकं छान झालं की त्यांना दाखवावंसं वाटलं, पण नाशिकरोड आलं आणि गर्दीत ते दिसेनासे झाले.

नोव्हेंबर म्हणजे बँकेत पेन्शनरांची जत्रा. सगळ्यांना हयातीचा दाखला हवा. माझ्या काउंटरला एक गृहस्थ आले, नाव वाल्मीक, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त. अंगठ्याचे ठसे झिजलेले, म्हणून मी टॅबवर चेहरा घेतला. जुळला नाही. पुन्हा घेतला. नाही. मी शेजारच्या क्लार्कला म्हटलं, अरे, हे बाबा हयात नाहीत म्हणतंय मशीन! सगळे हसले, बाबाही हसले.

मग मला मफलरचं लाल ठिगळ दिसलं.

सकाळचेच बाबा. आणि मी त्यांना ओळखलं नव्हतं! तासभर ज्या चेहऱ्याचा केस न् केस टिपला तोच. नाक जागेवर, डोळे जागेवर, पण ते मिळून कुणाचा चेहरा होईना. नजर हलवली की विसरायला होत होतं.

साहेबांनी त्यांच्या मुलाला फोन केला. हर्षल, सिन्नर फाट्याला गॅरेज आहे त्याचं. धावत आला. वडिलांच्या समोरून गेला आणि मला विचारलं, नाना कुठायत? बाबा म्हणाले, आरं बंड्या, मी हितंच हाय की. त्याने त्यांच्याकडे बघितलं. बाबा घरातल्या खुणा सांगायला लागले, आईचं नाव, लहानपणी मोडलेला हात, तसा तो घाबरला. कॉलर धरली त्यांची. माझ्या बापाचा मफलर तुझ्याकडे कसा आला, त्याचं काय केलंस, असं ओरडायला लागला.

वॉचमनने बाबांना बाहेर काढलं. सकाळी बसमध्ये हेच बाबा होते, एवढं मला सांगता आलं असतं. पण काय सांगणार होतो? मी काउंटरच्या आत बसून राहिलो. लाज वाटते आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शनिवारपासून वही उघडली नाही. ती मुलगी बसमध्ये दिसली नाही. दिसली असेल तरी मला कशी कळणार?

साळूबाई मात्र आज होती. कंडक्टरने तिची थट्टा केली, दोन बायकांनी पिठाची चौकशी केली. सगळे ओळखतात तिला. तिचं चित्र बिघडलं होतं. हनुवटीवर रेघ. बाकी दोन बिनचूक.

म्हणजे हे माझ्याच हाताने होतंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नाना सापडले. बसस्टँडच्या बाकावर, त्या मफलरमुळे. घरातून हाकलून दिलंय. सुनेने पोलीस बोलावले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि चित्र दाखवलं, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. चित्रावरून हात फिरवला आणि म्हणाले, ह्यो मी हाय. मग एवढंच म्हणाले की बंड्याला समजावून सांग, तो लई रडत असल.

तिथेच चित्राच्या गालावर ठळक तीट काढली. वाट पाहिली. काही बदललं नाही. तीट आधी लावायची असते.

घरी येऊन ते पान गॅसवर जाळलं. चित्रच नसेल तर चेहरा परत जाईल, असं वाटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पेपरात एकाच पानावर दोन बातम्या. वर: नाशिकरोड बसस्टँडवर अनोळखी वृद्धाचा मृत्यू, गळ्यात करडा मफलर. खाली हर्षलची जाहिरात: वडील हरवले आहेत, फोटोसह.

हर्षलला ओळख पटवायला नेलं होतं म्हणे. हे आमचे नाना नाहीत, असं सांगून परत आला.

मी पान जाळलं म्हणून. मी मारलं त्यांना.

रविवार, २३ नोव्हेंबर

इरा आणि स्वरदा आल्या. स्टँडवरून घेऊन आलो. स्वरदाने दोन्ही हातांनी माझं नाक धरलं आणि खदखदून हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. वही कपाटावर, बॅगांच्या मागे टाकलीय. आता पेन्सिलला हात लावणार नाही.

काकूंना तर खेळणंच मिळालं. आल्या आल्या तिची दृष्ट काढली. रोज सकाळी तीट मी लावणार, असं इराला बजावून गेल्या.

बुधवार, २६ नोव्हेंबर

रजेवर आहे. इराला वही सापडली. साऱ्या जगाची तोंडं काढलीस, पोटच्या पोरीचं एक नाही, असं म्हणून रुसली. मी नाही म्हटलं, चिडलो, तशी रडायलाच लागली. कारण सांगितलं तर वेडा ठरणार.

आणि खोटं कशाला बोलू, हातही शिवशिवत होता.

विचार केला. साळूबाईचं चित्र बिघडलं आणि ती वाचली. चूक ठेवली की झालं. स्वरदा झोपली होती, उजवा गाल उशीवर दाबलेला. जीव ओतून काढलं. आणि न विसरता डाव्या गालावर तीट दिली, चांगली काळीभोर. आता भीती नाही. इरा खूश आहे, आंघोळीला गेलीय.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

काकू आल्या होत्या. चित्र बघून म्हणाल्या, अगदी मी सकाळी लावली तशीच तीट काढलीस की रे, तिथल्या तिथे!

धावत गेलो. डाव्या गालावर. काजळाचा ठिपका. तसाच, तेवढाच.

मी चूक केलीच नाही. नकळत, जे दिसलं तेच हुबेहूब —

काकू पाळण्यात वाकल्या आणि विचारलं, हे कुणाचं बाळ आलंय?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

तीट पुसली तिच्या गालावरची. काही नाही. चित्रावर रेघोट्या ओढल्या. काही नाही. जाळू शकत नाही. नाना —

इरा काल बाथरूममधून आली ती किंचाळलीच. स्वरदा कुठाय. हे कोण. सगळी इमारत शोधून झाली. मी सांगितलं, हीच ती, तुझ्याच हातचं झबलं बघ. तिने मला विचारलं, तू काय केलंस माझ्या मुलीचं?

बाळ भुकेनं रडतंय. इराचा पदर ओला झाला, तरी ती भिंतीकडे तोंड करून बसलीय. वाटी-चमच्याने दूध पाजलं मी. मी पाजताना बघितलंच नाही तिच्याकडे. बघवत नाही. दिसतच नाही काही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पोलीस आलेत. बाळांच्या संस्थेतल्या एक बाईही. फोटो आणि बाळ जुळत नाही म्हणतात. रक्ताची तपासणी होईल, तोवर बाळ संस्थेत. खोलीभर बाळं असतील तिथे. एकदा त्यांच्यात ठेवलं की मी तिला कसा शोधणार — कशावरून —

इरा म्हणते, ही स्वरदा नाही. काका, काकूही नाहीच म्हणतात.

बाई भल्या आहेत. म्हणाल्या, बाप म्हणून तुम्ही लिहून द्या, पोलीस साहेबांशी बोलून बघते. पण नीट बघून, खरं तेच लिहा. दाराशी थांबल्यात.

आधी इथे लिहून बघतो.

मी, आल्हाद, असं लिहून देतो की हे बाळ —

नाक. डोळे. गाल. पुन्हा बघतो. हिला पहिल्यांदाच बघतोय असं का वाटतंय.

बाळाने माझ्याकडे दोन्ही हात केले. हसलं. माझं नाक धरायला बघतंय. ती ओळखते मला.

मी असं लिहून देतो की ही माझी —