शुक्रवारच्या गोगलगायी

नागपूर, २२ ऑगस्ट २०२५

ती. मधुकरमामांस भाची दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

विक्कीच्या भाजीच्या गाडीने डबा पोचला. ओल्या फडक्यातल्या गोगलगायी सुखरूप आहेत. मागे कवचं फुटून येतात म्हणून मी कुरकुर केली होती, आणि माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक पुष्पलता मॅडम दुसरीकडून गोगलगायी मागवा म्हणतात असंही लिहिलं होतं. तेव्हापासून एकीलाही तडा गेलेला नाही. त्यांचं छान चाललंय, बिघडलंय ते माझं.

मी यांचं करते काय, असं तुम्ही विचारलंत. गोगलगायीच्या मेंदूतली एक पेशी काढून काचेच्या बशीत ठेवते, सोबत त्याच गोगलगायीच्या रक्ताचे चार थेंब. पेशी एक धागा पुढे काढते. धाग्याच्या टोकाला इवलासा पंजा असतो, तो चाचपडत वाट शोधतो. सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा निरोप आला की आतलं कॅल्शियम वाढतं आणि पंजा थांबतो. एवढंच मला दाखवायचं आहे. पण माझे पंजे निरोप यायच्या आधीच थांबलेले असतात, जेवणाच्या सुट्टीतल्या कचेरीसारखे.

दसऱ्यापर्यंत धागे वाढले नाहीत तर विषय सोडायचा, असं मॅडमनी बजावलं आहे. तीन वर्षं गोगलगायींच्या मागे धावले आणि तरी मागे पडले, हे कुणाला सांगू? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला रडू येतं, म्हणून हे पत्र.

प्रकृतीला जपावं. लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.

आपली, दामिनी


सावनेर, २९ ऑगस्ट

चि. दामिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पंजाचं समजलं, बाकीचं समजल्यासारखी मान हलवली. बघायला घरात कुणी नाही, तरी हलवली. तुझी मामी गेल्यापासून मी भिंतींशीसुद्धा अदबीने वागतो.

विषय सोडायचा म्हणजे गोगलगायी नकोत, असंच ना? शेत ठेक्याने दिलं, बैल विकले. शुक्रवारी सकाळी नाल्यात उतरायचं आणि सापडतील त्या घरच्या टाकीत सांभाळायच्या, एवढं एकच काम माझ्या नावावर उरलं आहे. शेजारचा संघपाल परवा विचारून राहिला होता की मधुकरराव, या वयात काहून चिखलात उतरता. मी ऐटीत म्हणालो, मले नागपूरची ऑर्डर आहे. ऑर्डर गेली तर त्याला काय सांगू, हा प्रश्न आहे.

या खेपेला जास्त तगड्या पाठवतो आहे. घाबरू नको वं बाई. जेवत जा.

तुझा, मधुकरमामा


नागपूर, १२ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तगड्या गोगलगायींचे धागे आणखीनच आखूड निघाले. मी सूक्ष्मदर्शकावर संशय घेतला, एसीवर घेतला, आपल्या नशिबावर तर कायमचाच आहे. काल तुमचा डबा उन्हात वाळत ठेवला, तर कडेला पांढरा थर धरलेला. म्हणून ओलं फडकं पिळून त्यातलं पाणी तपासलं, मग गोगलगायींचं रक्त. दोन्हींत कॅल्शियम उतू जातंय.

पंजाचं असं आहे मामा, कॅल्शियम अगदीच नसलं तर तो हलत नाही, बेताचं असलं तर पुढे सरकतो आणि फार झालं तर आखडून बसतो. मी याच कॅल्शियमवर प्रबंध लिहिते आहे, आणि इतके महिने पाण्यात किती आहे ते बघायचं सुचलं नाही. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता खरं सांगा, नाल्यात चुना कुठून आला? मी रागावलेले नाही. थोडी रागावले आहे.

आपली, दामिनी


सावनेर, १९ सप्टेंबर

चि. दामिनीस आशीर्वाद.

नाल्यात नाही, टाकीत. आणि आला नाही, मी टाकला. कवचं फुटतात, दुसरीकडून मागवणार, हे वाचून मी उपाय शोधायला लागलो. कोंबड्यांची अंडी पिचकी निघाली की तुझी मामी दाण्यात चुना कालवायची, ते आठवलं. डॉक्टरांनी माझा तंबाखूचा खर्रा बंद केला, त्याचा चुना घरात पडून होता. रोज चिमूटभर टाकत गेलो. तू रडतेस असं कळल्यावर दोन चिमटी टाकायला लागलो. अशा रीतीने माझं व्यसन सुटलं आणि तुझ्या गोगलगायींना लागलं.

टाकी घासून काढली आहे. यापुढे नाल्यातून थेट डब्यात, मध्ये माझा हात नाही. पत्रंही आता लिहिणार नाही. मी ज्याची काळजी घेतो त्याची वाढ खुंटते, असं दिसतं.

मामा


नागपूर, ३ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्राविना आलेले डबे पोचले. धागे वाढले, मामा. बशीच्या मध्यापासून पार कडेकडे निघाले. मग मी सेरोटोनिनचा थेंब सोडला आणि पंजे जागच्या जागी थांबले. ज्या थांबण्यापायी इतकी रडले, तेच थांबणं बघून काल प्रयोगशाळेत नाचले आणि एक बशी फोडली. विषय राहिला. मॅडम म्हणाल्या, वाढ थांबणं दर वेळी वाईट नसतं. कुठे थांबायचं ते कळलं तरच धागा कुणाशी तरी जोडला जातो.

आता एक गोष्ट सांगायला जड जातंय. हवी होती ती सगळी चित्रं मिळाली, पुढचं काम लिहिण्याचं आहे. गोगलगायी पुरे झाल्या.

पण तुमची पत्रं आली नाहीत तेव्हापासून माझ्या हातून प्रबंधाची एक ओळ लिहून झालेली नाही. अगदीच नसलं तरी पंजा हलत नाही, हे मी तुम्हाला कळवलं होतंच. तेव्हा शुक्रवारी विक्कीकडे डबा द्यायचा. आत पत्र असलं की झालं. संघपालला सांगा, नागपूरची ऑर्डर कायम आहे.

चुना मापात घालावा, लोभाला माप लावू नये.

आपली, दामिनी