एकतीस जणांचा कोरस

पुणे, ५ फेब्रुवारी २००८

ती. गोदूआतेस उर्वशीचा सा. न. वि. वि.

'ह्या चेडवाचो आवाज पलीकडच्या वाडीशी भांडूक बरो,' असं तू मी सहावीत असताना म्हणाली होतीस. त्या आवाजाचा आता दुसरा अल्बम होतो आहे. पहिल्याची सीडी सोबत आहे. आमचा बँड सिंफॉनिक मेटल वाजवतो. म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, त्यांच्याभोवती व्हायोलिनांचा ताफा, वर मी आणि मागे पुष्कळ माणसांचा कोरस. इतकी माणसं इथे मिळत नाहीत, म्हणून तो कॉम्प्युटरमधून काढला. फ्रिजमध्ये कोंडलेली माणसं गातात तसा वाटतो.

मला आपल्या गावचा, आचऱ्याचा आवाज हवा आहे. बाबा देवापुढे गाऱ्हाणं घालतात आणि दर वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तो. मी बँक सोडल्यापासून तीन वर्षं बाबा माझ्याशी बोललेले नाहीत, म्हणून तुला मध्ये घालते. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी उर्वशी

आचरा, १४ फेब्रुवारी २००८

चि. उर्वशीस आतेचे अनेक आशीर्वाद.

सीडी लावली. पहिल्या गाण्याला कुत्रा खाटेखाली गेला. दुसऱ्याला बाहेर आला. म्हणजे दुसरं बरं असावं.

तुझ्या बाबाला, दत्तारामाला विचारलं. तो नारळ सोलत होता. म्हणाला, देव काय रिकामो बसलोहा? कारण नसताना गाऱ्हाणं घातलं तर तो कारण शोधत बसेल, आणि मग त्याला उत्तर कोणी द्यायचं? हे सगळं नारळाकडे बघून. बाकीच्यांनी तोंड उघडावं की नाही, ते बाकीच्यांनी बघावं, असंही म्हणाला. म्हणून मी भजन मंडळाच्या लवूला विचारलं. त्याने वडे असतील का एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. २४ तारखेच्या रविवारी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन ये.

तू घरी उतरणार हे दत्तारामाला ठाऊक आहे. माडीवरच्या खोलीत त्याने नवी ट्यूब बसवून घेतली. उंदरांसाठी, म्हणाला.

इकडची ओढ असू दे.

तुझी आते

पुणे, १ मार्च २००८

ती. गोदूआतेस सा. न. वि. वि.

तू भजन मंडळाच्या हॉलच्या मागे वडे तळत होतीस आणि घरी बाबांसमोर बोलता आलं नाही, म्हणून आत काय झालं ते लिहिते. आमच्या रेकॉर्डिंगवाल्या किरणने एक-दोन-तीन म्हटलं. एकतीस माणसं गप्प. पुन्हा म्हटलं, पुन्हा गप्प. लवूकाकांनी विचारलं की व्हय कसल्याक म्हणूचा ता आधी सांगशात काय? न ऐकता होकार द्यायला ही काय ग्रामसभा आहे? किरण म्हणाला, नुसतंच म्हणा. नुसतं कोणालाच येईना.

बाबा दारात पाठ करून उभे होते. ते चपला काढून आत आले आणि हात जोडले. देवाला म्हणाले की ह्या चेडू परमुलखात गेलाहा. व्हय म्हाराजा. तेका कोणाची नजर लागली असात तर ती काढून टाक. व्हय म्हाराजा. आणि तेका बँकेतली नोकरी परत गावांदे.

यावर जो 'व्हय म्हाराजा' उठला, त्याने खिडकीच्या काचा हलल्या. किरणला मालवणी कळत नाही. त्याने खूश होऊन मला अंगठा वर करून दाखवला.

आते, असा कोरस आम्हाला पुन्हा मिळणार नाही. पण त्यात बाबांचा आवाज मिसळला आहे, तो वेगळा काढता येत नाही. तसाच ठेवू का, एवढं त्यांना विचार. एरवीसारखाच लोभ राहू दे.

तुझी उर्वशी

आचरा, १० मार्च २००८

चि. उर्वशीस आशीर्वाद.

तो नको म्हणतो. कोणीही बटण दाबलं की देवाने तेच गाऱ्हाणं परत ऐकायचं. देव कंटाळला तर भोगायचं कोणी, पोरीनेच ना, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तू तिचं गाणं मोडतोस. तर म्हणाला, गाणा तेचा, गाऱ्हाणा माझा. मग जेवला नाही. मी कोणाच्या बाजूची, हे मला विचारू नकोस. आम्हा दोघांवरही जीव असू दे.

तुझी आते

पुणे, १९ मार्च २००८

ती. बाबांस उर्वशीचा सा. न. वि. वि.

तुमचा आवाज असलेलं रेकॉर्डिंग पुसलं. किरणने दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मला अशा अबोल्याची सवय आहे. अल्बम पुढच्या महिन्यात कॉम्प्युटरच्या कोरससह निघेल.

मी बँकेत परत जाणार नाही. तुम्ही ते देवाला सांगितलंत, मी तुम्हाला सांगते.

मे महिन्यात मी घरी येईन. तेव्हा एकदा माझ्या गाण्यासाठी गाऱ्हाणं घाला. मशीन नसेल, किरण नसेल. मी बायकांमध्ये उभी राहीन आणि सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणेन.

तुम्ही नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. लोभ ठेवा असं लिहायची पद्धत आहे, ती इथे पाळली असं समजा. फक्त ते 'नाही' आतेकडून कळवू नका. स्वतः लिहा.

तुमची
उर्वशी