बियाणं शिजवल्याबद्दल

मंगळवार, ४ मार्च. दुपारी ४.१०

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी भांडार उघडलं आणि बियाणं शून्य!

वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ टाकावी, समास सोडावा आणि मग चिडावं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी जे जे शिकवलं त्यातलं एवढंच मला आयुष्यभर पुरलं.

वसाहत आमची आहे. डोंगराच्या पोटात राहणारे शंभरेक बुटके, संगणकावरच्या खेळातले. एक वर्ष मी चालवते, एक वर्ष वन्सं. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी एकट्या राहतात. खेळातलं त्यांचं वर्ष संपलं की त्या फाइल मला पाठवतात, माझं संपलं की मी त्यांना. आम्ही दोघी निवृत्त झालो तेव्हापासून हे असंच चाललंय आणि एकदाही बियाणं शून्य झालेलं नाही.

आमचं मुख्य पीक छत्री. जांभळी अळंबी, अंधारात उगवते. कच्ची खाल्ली तर बी उरतं. गाळून वाइन केली तरी बी उरतं. शिजवली की बी गेलं. अख्खी शेती या तीन वाक्यांत आली. पाचवीतलं पोर पाठ करेल.

वन्संनी सगळी छत्री शिजवली. सगळी! आणि फाइलीसोबत दोन ओळी, एकही चूक नसलेल्या: "वहिनी, वर्ष उत्तम गेलं. भांडार भरलेलं आहे."

भरलेलं आहे. सुपाने.

बुधवार, ५ मार्च

पहिली नोटीस ईमेलने पाठवली. खेळाचं सगळं लेखी करायचं असं आमचं ठरलेलं आहे. पूर्वी फोनवर बोलायचो. खेळातल्या एका पुलावरून इतकं वाजलं की दिवाळखोर भागीदारसुद्धा इतके भांडत नसतील. तेव्हापासून फोनवर फक्त हे आणि वन्सं बोलतात, दर रविवारी, आणि तेही तब्येतीबद्दल.

नोटिशीत तीन प्रश्न विचारलेत. छत्री का शिजवली? कुणाच्या परवानगीने? आता पेरायचं काय, माझं डोकं?

हे मागे येऊन उभे राहिले. "जेवले का तुझे बुटके?"

"आज जेवले. पुढच्या ऋतूत जेवणार नाहीत."

"मग आत्ता वाढून घे त्यांना," म्हणाले आणि पेपर घेऊन गेले.

शुक्रवार, ७ मार्च

उत्तर नाही.

तळघर तपासलं. मी हॉस्पिटलच्या भांडारात उभी हयात काढली. भांडार कसं बघायचं हे मला कुणी सांगायला नको. धान्याच्या कोठीत गेले. धान्य दळायचं असतं. दळलेलं नाही! वाळवलेलं आहे. वर्षभराचं सगळं धान्य वाळवून ढीग लावलाय. ते आता गुरंही खाणार नाहीत, आणि आमच्याकडे गुरं नाहीत.

मग कापडाची कोठी. शेपटी नावाचं एक रोप आहे, त्याचं सूत निघतं, सुताचं कापड होतं. त्याच शेपटीचा कागदही होतो, पण आम्ही तो कधी केला नाही, कारण बुटक्यांना लिहिता येत नाही. कोठीत कापडाचा तुकडा नाही. छतापर्यंत कागद! कोरे. माझी माणसं चिंध्या घालून फिरताहेत आणि आमच्याकडे एका विद्यापीठाला पुरेल इतका कागद आहे.

दुसरी नोटीस पाठवली. भाषा जरा कडक केली.

रविवार, ९ मार्च

वाइन संपली. बुटके पाण्यावर आहेत. पाण्यावर ते जगतात, पण तोंड पाडून. आमच्या गाळणारीचं नाव मी सासूबाई ठेवलेलं आहे. गाळायला काही नाही म्हणून ती भट्टीपाशी बसून आल्या-गेल्याला बोलतेय. (वन्संनी याचा सूड म्हणून सरदारणीचं नाव 'वहिनी' ठेवलं. ती ऊठसूट नवीन मागण्या करते आणि पुरवल्या नाहीत तर कुणाला तरी कोठडीत टाकते. मला साम्य दिसत नाही.)

स्वयंपाकघराला कुलूप घातलं. धान्याच्या लागवडीचं बी तेवढं वेगळं होतं म्हणून वाचलं. ते पेरलंय, पण उगवायला वेळ आहे. चार जणांना खालच्या गुहेत रानटी छत्री शोधायला पाठवलं. तिथे काय काय राहतं ते माहीत असूनही पाठवलं. हे माझ्या मनावर आहे आणि वन्संच्या हिशेबी आहे.

रात्री हे बहिणीशी बोलले. फोन ठेवून म्हणाले, "तुझी पत्रं पोचली म्हणे."

"मग?"

"काय लिहिलंय ते मलाच विचारत होती. दादा, जरा सांग ना, म्हणाली. मी म्हटलं, मला तुमच्यात ओढू नका."

बघा! वाचायचेही कष्ट नकोत. मी तीन-तीनदा खाडाखोड करून नोटिसा लिहायच्या आणि बाईसाहेबांना सारांश हवाय!

सोमवार, १० मार्च

तिसरी नोटीस. चौघांपैकी तिघे परत आले. छत्री नाही.

बुधवार, १२ मार्च

भाच्याचा फोन आला. वन्संचा एकुलता एक मुलगा, लांब नोकरीला असतो. कधी नव्हे तो मला फोन.

"मामी, आईचं काही वेगळं वाटतंय का तुम्हाला? फोनवर नीट बोलते, पण मी पाठवलेले फोटो बघितले का विचारलं की विषय बदलते."

म्हटलं, "बरं झालं विचारलंस. तुझ्या आईने सगळं बियाणं शिजवून टाकलं."

"काय शिजवलं?"

"बियाणं! आणि सगळ्यांना वाढलं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"शंभर जण आहेत. आता उपाशी. अंगावर धड कपडा नाही. धान्य वाळवून ठेवलंय ते निराळंच."

"आईकडे शंभर माणसं आहेत?"

"तिच्याकडे नाहीत. आता माझ्याकडे आहेत."

मग अगदी हळू आवाजात, "मामी, मामा आहेत का घरात?"

"आहेत. पण ते यात पडत नाहीत."

म्हणाला, मी रविवारी येतो. संध्याकाळी सहाला पोचतो. आईला घेऊनच जातो, आता ते घर बंद करायचं. मी म्हटलं, ये, कुणीतरी जाब विचारायलाच हवा.

फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे. चेहरा असा की मीच काहीतरी शिजवलंय.

"अगं, त्याला खेळाचं माहीतच नाही."

लगेच उलटा फोन केला. "अरे, हा खेळ आहे. संगणकावरचा. बुटके आहेत ते!"

"हो मामी," तो म्हणाला. "हो हो. बुटके. तुम्ही आता आराम करा. रविवारी बघू."

गुरुवार, १३ मार्च

सकाळी हे चहाचा कप ठेवताना म्हणाले, "तिला ते घर सोडायचं नाही. तिच्या दोन खोल्या, खालचा सायकलवाला, समोरची बाई. तिथे एकटी आहे पण कुणाच्या दयेवर नाही. मुलाकडे गेली तर दुपारभर सोफ्यावर बसून दार कधी वाजतं याची वाट बघेल. हे तिने मला शंभरदा सांगितलंय."

"मला कुठे सांगितलं?"

"तुला ती फक्त लेखी सांगते ना," म्हणाले.

मला टोचून बोलायची यांची ही एवढीच पद्धत आहे, पण वर्षातून एकदा ती लागते.

म्हणून आज परत भांडारात शिरले. चिडून नाही, नीट. आणि एक गोष्ट खटकली. निष्काळजी माणसाची चूक पसरट असते: इथे थोडं, तिथे थोडं, चार डबे उघडे, दोन सांडलेले. ही तशी नाही. गाळायचं ते शिजवलं, एकदाही गाळलं नाही. दळायचं ते वाळवलं, सूत काढायचं त्याचा कागद केला, आणि तेही एकूण एक. इतक्या शिस्तीत चूक होत नाही. इतक्या शिस्तीत फक्त वन्संचं बरोबर येतं. त्या कोर्टात टंकलेखिका होत्या. निकालपत्रं खिडकीबाहेर बघत टाइप करायच्या. खेळही तसाच खेळतात. माउसला हात लावत नाहीत, सगळं बोटांनी, पाठ. "वहिनी, गाळायचं म्हणजे तीनदा खाली आणि एकदा एंटर. बघायचंय काय त्यात?" हे त्यांनीच मला शिकवलं. मी मात्र अजून बघून बघूनच करते.

भट्टीच्या कामांची यादी उघडली. पूर्वी ओळी तीनच होत्या. पहिली दळा, दुसरी शिजवा, तिसरी गाळा. हिवाळ्यात खेळाची नवी आवृत्ती आली, तिने सगळ्यांच्या डोक्यावर एक ओळ आणून बसवली: वाळवा. सगळं एकेक घर खाली सरकलं.

मी डोळे मिटले. तीनदा खाली, एकदा एंटर. उघडले.

शिजवा.

परत मिटले. धान्यासाठी, एकदा खाली. वाळवा. शेपटीसाठी सुताच्या जुन्या जागेवर. कागद.

हे आत आले. "झोपलीस का?"

"नाही. वन्सं झालेय."

समजले नाहीत. मलाही ते बोलल्यावर समजलं.

नवी ओळ पडद्यावर अगदी वर, ठळक लिहिलेली आहे. ती न बघणारा माणूस आळशीच म्हणायचा, आणि वन्सं आळशी आहेत असं मी नोटिशीत तीनदा लिहिलं. पण खेळातलं अख्खं वर्षभर? सुपाची पिंपं भिंतीला लागलेली दिसत असताना? भाच्याचे फोटो नाही बघितले. माझी पत्रं भावाला विचारली.

यांना म्हटलं, उद्याचं बसचं तिकीट काढा. म्हणाले, "दोघांचं?" म्हटलं, एकाचं. वादी एकच आहे.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळ

निघायच्या आधी एकदा फाइल उघडली. चौथा बुटका परत आलाय! एक पाय लंगडतोय आणि हातात एक रानटी छत्री. एकच. बाकीचे उपाशी तिच्याकडे बघत होते, तोही बघत होता. खाल्ली नाही. (खरं तर मी सगळ्यांना मनाई केली होती, पण त्याचं श्रेय त्याला जाऊ दे.) सासूबाईंनी ती गाळली. एक पेला वाइन आणि बी.

पेरलं. भोवती भिंत बांधली. 'वहिनी'ने त्याच वेळी चांदीचा पेला मागितला. तिला म्हटलं, बस तिथेच.

एकाच बियाने शंभर तोंडं भरत नाहीत, पण धान्याला कोंब आलेत. माझं वर्ष संपेपर्यंत तग धरतील. पुढचं वर्ष वन्संचं आहे.

स्टेशनरीच्या दुकानात जाऊन जाड काळं मार्कर घेतलं आणि चित्रकलेचे मोठे कागद. दुकानदार म्हणाला, "नातवंडांसाठी का?"

"नाही. नणंदेसाठी."

शनिवार, १५ मार्च. वन्संच्या घरी

काल संध्याकाळी सायकलवाल्याच्या दुकानावरून जिना चढले. दार उघडंच. वन्सं समोर येऊन उभ्या राहिल्या. दिवा लागलेला, मी हाताच्या अंतरावर. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "कोण आहे?"

नोटीस मी बदलली आणि मीच वाचून दाखवली. एक, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, मी सोबत आहे. दोन, मुलाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण खरं सांगायचं. घर बंद करायचं की नाही हे डॉक्टर सांगतील त्यानंतर, आणि तुम्ही सांगाल तेच. तीन, पुढचं वर्ष तुमचंच. बोटं तुमची, याद्या मी वाचणार. रोज, फोनवर.

वन्सं म्हणाल्या, "फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही."

म्हणून उत्तर लेखीच हवंय. कागद आणि मार्कर त्यांच्यापुढे ठेवलेत. अक्षर कितीही मोठं आलं, एका कागदावर एकच मावलं तरी चालेल. कागदाला आपल्याकडे तोटा नाही. मुदत उद्या, रविवार, संध्याकाळी सहाच्या आत. सहानंतर आलेलं उत्तर विचारात घेतलं जाणार नाही.