थोरलीबाई भ्रतार दर्याजी हयात आहे

मी, आवडाबाई दामाजी नाखवा, वय सत्तरीच्या पुढे, धंदा मासळी विकणे (गुडघ्यांमुळे आता बंद), राहणार कोपरी, ठाणे पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डावा कान सोडला तर बाकीचं सगळं चालू आहे. कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. उलट "आई, हे नको ते लिहू नको" असंच घरात चाललंय, म्हणून दार लावून लिहिते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण तेव्हा लिहिता येत नव्हतं.

पहिल्यांदा आनंदाचं. माझी नात मंदाकिनी डोंबिवलीला दिली आहे, तिला चार दिवसांपूर्वी मुलगी झाली. नाक आमचं चपटं, रंग त्यांच्याकडचा. आवाज मात्र बंदरावर लिलाव करणारीचा. मी पणजी झाले. वकिलाचा कारकून म्हणाला, "आजी, मृत्युपत्रात असलं लिहायचं नसतं." मग कुठे लिहू? मी दुसरं काही लिहीतच नाही.

कलम पहिलं. कोपरीचं घर माझा मुलगा दौलत याला. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीला टाळं लागल्यापासून तो घरीच आहे आणि कुणाच्याही मागे फिरतो. माझा त्याच्यावर राग आहे, तो पुढे येईल. पण रागापायी घर काढून घ्यायला मी काय सावत्र आहे?

कलम दुसरं. मासळी कापायची माझी मोरली मंदाकिनीला. सूनबाई विमलला नाही. ती लग्न होऊन आली त्या आठवड्यात म्हणाली होती, "आई, या मोरलीचा वास भिंतींना येतो." वास येतो म्हणून ताटात भात येतो, असं मी म्हणणार होते, पण पाहुणे बसलेले, राहून गेलं. ते उत्तर मी या मृत्युपत्राने विमलला देते. सोन्याच्या कुड्याही तिलाच. माझ्या आजारपणात तिनेच केलं, हे लिहिलं नाही तर वर गेल्यावर जीभ झडेल.

पोस्टात जे काही असेल त्यातून माझं दिवसकार्य करावं आणि उरलं तर पणतीच्या पायांत वाळे घालावेत. जेवणावळीत कमळाविहिणीला मधल्या पंगतीत बसवू नये. तिला कारण माहीत आहे.

कलम तिसरं. होडी चंदूला. भिवाजीचा चंदू, शेजारचा, मला आत्या म्हणतो. होडी तळाला कुजली आहे, चुलीत घातली तरी माझी हरकत नाही. वल्हं जाळू नये. दामाजी आमचा ते जिथे धरायचा, तिथे त्याच्या हाताचा खळगा पडला आहे. मी कधी कधी तिथे हात ठेवते. बरं ते असो.

आता बेट.

तिवरबेटाला होडीशिवाय वाट नव्हती. भरतीबरोबर जायचं आणि ओहोटी लागायच्या आत निघायचं. चुकलात तर चिखलात कमरेइतके. पूर्वी बेटाला बांध होता. आत भात पिकायचा, एका अंगाला मीठ पिकायचं. बांधाला सागवानी दार, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडायचं, म्हणजे आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं आत येत नाही. ते काम आमच्या नाखव्यांच्या घराचं. उघाडीजवळ शेंदराचा धोंडा आहे, नारळी पुनवेचा पहिला नारळ त्याच्यापुढे, खाडीच्या नावाने. मोठ्या तुफानात खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि पुन्हा कुणी बांधलाच नाही. भात गेला, मीठ गेलं, माणसं रडून उठून गेली. आणि त्यांच्या मागून बाकीचे सगळे आले. आधी तिवरं आली. मग निवट्या, मासे असून चिखलावर चालणाऱ्या. एकच नांगा मोठा असलेल्या लाल चिंबोऱ्या, अख्खा चिखल हातवारे करतोय असं वाटतं. त्या खायला कोल्हे. आणि हल्ली हल्ली थंडीत ते लांब पायांचे गुलाबी पक्षी, एका पायावर झोपणारे. मला एका पायावर चप्पलसुद्धा घालता येत नाही.

हे बेट कुणाचं, हा सगळा घोळ आहे. आमच्या घरात पाण्यावर जाताना खाडीला खाडी म्हणत नाहीत. थोरली म्हणतात. घरातल्या सगळ्यांच्या आधीची म्हणून थोरली. मी नवी सून होते तेव्हा घाटावरचा एक नवा तलाठी नोंदी करत आला. माझ्या सासूबाई रखमाबाई ओटीवर जाळं विणत बसलेल्या.

"बेट कोणाचं?"

"आमचा कसला? थोरलीचा हाय."

"थोरली कोण? पूर्ण नाव सांगा."

"थोरली म्हंजे थोरली."

"बरं, नवऱ्याचं नाव?"

"दर्या! दुसरा कोन?"

त्याने लिहिलं, थोरलीबाई भ्रतार दर्याजी. आणि चहा पिऊन गेला. सातबाऱ्यावर आजही तेच आहे. पुढे कित्येक वर्षं उधाणाचं पाणी अंगणात शिरलं की दामाजी ओरडायचा, "मालकीणबाई आल्या, पाट मांडा!"

गेल्या वर्षी दौलत एका बिल्डरच्या माणसाला घरी घेऊन आला. खिशाला दोन पेनं.

"आजी, या थोरलीबाई तुमच्या कोण लागतात?"

"माझीच कशाला, सगळ्या कोपरीची लागते."

"वारल्या कधी?"

"वारते कशाला? सकाळीच येऊन गेली. संध्याकाळी परत येईल."

त्याने दाराकडे बघितलं आणि पाय जवळ घेतले. दौलत म्हणाला, "आई, मस्करी नको गं."

मग त्यांनी मला समजावलं. थोरली म्हणजे तुमची थोरली जाऊ असं म्हणायचं. ती निपुत्रिक मेली, तुम्ही वारस, इथे अंगठा उठवा. मी म्हटलं, मला जाऊ नव्हतीच, दामाजी एकटाच. तर तो म्हणतो, "मग आता करून घ्या." या वयात मी जाऊ कुठून करून घेऊ? आणि अंगठा तर मुळीच नाही, मी रात्रशाळेत जाऊन सही शिकले आहे. तो खूश होऊन म्हणाला, मग सही करा. मी पाटी-पेन्सिल धरून बोटं दुखवली ती काय जिवंत बाईला मारायला?

मला वाटलं, मी नाही म्हटलं की झालं. कसलं काय. कुठून तरी एक बाई उभी केली, ती म्हणे थोरलीबाईची मुलगी. तिने अंगठा दिला. आणि थोरलीबाईच्या मृत्यूचा दाखलाही आला. दौलतनेच वाचून दाखवला. मृत्यूचं ठिकाण, राहतं घर. कारण, म्हातारपण. मी विचारलं, "राहतं घर कुठलं रे तिचं?" तो चहाचं पार पाणी होईपर्यंत कप हातात धरून बसला.

कलम चौथं, की पाचवं झालं, तुम्ही मोजा. मी मेल्यावर माझे अंगठे मंदाकिनीने आपल्या मुठीत धरून बसावं, तिरडी उचलेपर्यंत. शाईची डबी घेऊन कोण येईल सांगता येत नाही. मढ्याचे अंगठे उठवलेले मी या डोळ्यांनी बघितले आहेत.

कारकून म्हणतो, "आजी, जे आपलं नाही ते देता येत नाही." तेच लिहिते आहे ना बाबा! तिवरबेट माझं नाही, दौलतचं नाही, त्या अंगठेवालीचं नाही. ते थोरलीबाईचं आहे, आणि थोरलीबाई हयात आहे, आणि तो दाखला खोटा आहे.

इथवर एका दमात लिहिलं. आता पुढचं.

अमावास्येच्या उधाणाला चंदू मला बेटावर घेऊन गेला होता. पलीकडची आडवी खाडी डबराने भरून टाकली आहे. फुटक्या लाद्या, विटा, एक अख्खं बेसिन. त्यावरून डंपर थेट बेटावर येतात, होडीची गरज उरली नाही. रस्त्यावर कोल्हा बसला होता, दिवसाढवळ्या, गावातल्या कुत्र्यासारखा. पाणी काळं, वर फेस. उघाडीपाशी निवट्या उताण्या पडल्या होत्या. गुलाबी पक्षी त्याच पाण्यात चोची घालून खात होते, त्यांना कोण सांगणार. धोंडा अर्धा डबरात गेला आहे. मी हाताने उकरत होते, तर चंदू म्हणाला, "आत्या, सोड. उद्या परत टाकतीन. आनि उधानाचा पन पानी उघाडीला लागत नाय आता."

मी म्हटलं, "हे लहान उधाण आहे. पुनवेला बघ."

तर दाखला आज खोटा आहे. पण तुम्ही हे वाचाल तोवर तो खरा झालेला असेल, आणि मीच खोटी ठरेन. चालेल. निदान एका कागदावर ती जिवंत राहील.

शेवटचं, पणतीचं. पहिली मुलगी म्हणून तिला आत्तापासूनच सगळे थोरली म्हणायला लागलेत. म्हणू नका. ते नाव अजून मोकळं झालेलं नाही. मोकळं झालं की म्हणा, नाहीतर आमच्या घरात हाक मारली तर ओ द्यायला कोणी राहणार नाही.

या मृत्युपत्रावर सह्या तिवरबेटावर, उघाडीजवळ केल्या, दत्तजयंतीच्या पुनवेच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या पाण्याला. जनाबाईला होडीत चढवताना दोघी पडता पडता वाचलो आणि फार हसलो.

सही: आवडाबाई दामाजी नाखवा

साक्षीदार एक: जनाबाई तानाजी तांडेल, शेजारीण. (अंगठा. माझ्यासमोर दिला, खरा आहे.)

साक्षीदार दोन: चंदू भिवाजी कोळी. (सही.)

साक्षीदार तीन: थोरलीबाई भ्रतार दर्याजी. हिला सही येत नाही, म्हणून कागदाचं हे टोक उघाडीच्या उंबऱ्यावर दगडाखाली धरून बसलो, पाणी लागेल तोच तिचा अंगठा समजायचा असं ठरलं. पाणी आलं, खालच्या चिखलात थांबलं, आणि मागे वळलं. चंदू ओहोटीसाठी घाई करतो आहे. कागद कोरडा आहे. जागा मोकळी ठेवली आहे.

ठिकाण: तिवरबेट, ठाण्याची खाडी
दिनांक: ७ डिसेंबर १९९५