पांढऱ्या टोपीतली निळी गाठ

चंदनसार, विरार (पूर्व)
११ ऑगस्ट २०२५

चि. सालू हिस अनेक उत्तम आशीर्वाद. शालोम.

आईची साडी घातलेलं तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. खोक्याच्या चिकटपट्ट्या शाबूत होत्या, म्हणजे वाटेत कुणी उघडलेलं नाही. एवढं मला समजतं. चौतीस वर्षं टपाल निवडण्यात गेली आहेत माझी. तेव्हा साडी पिवळी पडली ती अलिबागेत, तुझ्याच कपाटात. दोन वर्षांपूर्वीच्या दारफळणीला मी ती नेसून, दार लावून दिवसभर उपास धरला तेव्हा पांढरीशुभ्र होती. एक वर्ष तुझ्याकडे आणि एक वर्ष माझ्याकडे असं आईने ठरवून दिलं, ते साडी जपावी म्हणून. तू तिला कसल्या पावडरीत बुडवलीस ते खरं सांग. आणि ही आईचीच आहे ना? संशय घेत नाही, नुसतं विचारते.

हे फोनवर बोलले असते, पण आमच्या भिंती पापडासारख्या आहेत आणि पलीकडे उर्सुलाची भाची राहते. उर्सुला म्हणजे ती पापडी गावची, जिच्या ओसरीवर आम्ही सातजणी दर बुधवारी विणायला बसतो. सरकारी इस्पितळात अपुऱ्या दिवसांची बाळं जन्मतात ना, त्यांच्या मुठीएवढ्या डोक्यांना टोप्या करतो. ह्या वर्षी शंभर टोप्या शिळ्या सणाला नेऊन द्यायच्या असं मीच बोलून बसले. दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी आपल्यात दान करायचंच असतं, तर ते ह्या बाळांना जावं.

आता मुद्द्याचं. नर्सबाईंना टोपी पांढरीच हवी, डाग पडला की लगेच दिसावा म्हणून. लोकरीच्या गुंड्यांवरच्या पट्टीवरही पांढरा असंच छापलेलं आहे. आणि उर्सुलाकडे धुऊन गाठोड्यात बांधलेल्या माझ्या टोप्या बघते तर पिवळट! मधे हात कुणाचा लागतो? उर्सुलाचा. चांगली लोकर ठेवून घेते आणि कुठली तरी जुनी त्यात घालते, असा माझा कयास आहे.

म्हणून मी आता प्रत्येक टोपीच्या आतल्या कडेला निळ्या धाग्याची एक गाठ मारते. बोटाला लागेल एवढी. कुणाला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

लोभ असावा. आहे की नाही ते साडीच्या खुलाशावरून कळेलच.

तुझी
एलीताई


इस्राएल आळी, अलिबाग
१८ ऑगस्ट २०२५

ती. एलीताईस, सा. न. वि. वि.

साडी आईचीच आहे. पदराच्या टोकाला तिने स्वतः केलेलं रफू आहे, बोट फिरवून बघ. पावडर नाही, गोळ्या नाहीत, मलमलीत गुंडाळून ठेवली होती. तुला खोटं सांगून मी पांढरं नेसून प्रार्थनेला कुठल्या तोंडाने उभी राहीन? वाईट वाटलं मला. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून जेवले, नाहीतर जेवले नसते.

तुझं अक्षर हल्ली फार धावतं. दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या आणि पिनकोडाचे आकडे पाकिटाच्या कडेवरून खाली घसरले होते. टपाल निवडणारीच असं लिहायला लागली तर बाकीच्यांनी काय करावं! आमच्या पोस्टमनला आपल्या दोघींची ओळख आहे म्हणून पत्र पोचलं.

उर्सुलाबाईंना मी पाहिलेलं नाही, पण तुझ्याच पत्रांतून ओळखते. तुला डेंग्यू झाला तेव्हा बारा दिवस पेज कुणी आणून दिली? ती बाई बाळांच्या टोपीतली लोकर काय करणार? गाठी मारण्यापेक्षा तिला सरळ विचार.

नवं वर्ष लागतं तेव्हा नव्याच्या सणाला येतेस ना? लाँच सुरू होतील तोवर. खोबऱ्याचं दूध घालून हलवा करते, पण ढवळायला तू हवीस.

लोभ आहेच, त्याला खुलाशाची गरज नाही.

तुझी
सालू


चंदनसार
२५ ऑगस्ट २०२५

चि. सालू हिस आशीर्वाद.

रफू सापडलं. ठीक आहे, साडी आईची. पण पिवळी का, ते तू अजून सांगितलेलं नाहीस. तुला काटकसर इतकी कधीपासून सुचायला लागली? पत्रसुद्धा पिवळट, स्वस्त कागदावर लिहिलंस. इथेही तोच प्रकार. रंगाऱ्याने पांढरा म्हणून भिंतीला भलताच रंग फासला, आणि धोबी चादरी मळक्याच परत आणून देतो. एकटी बाई दिसली की सगळ्यांना मोकळं रान.

बुधवारी जे पाहिलं ते आता शांतपणे वाच. मी पाणी प्यायला उर्सुलाच्या मागच्या अंगणात गेले, तर दोरीवर लोकरीची ओली लड टांगलेली, खाली वजनाला कुलूप अडकवलेलं. हात लावून पाहिलं. कुरळी होती. कोरी लोकर अशी नसते सालू, विणलेलं उसवलं की ती अशी होते, मग तिला भिजवून सरळ करावी लागते. म्हणजे उर्सुला टोप्या उसवते आहे! आत येऊन मी गाठोड्यातल्या माझ्या अकरा टोप्यांच्या कडा चाचपल्या. एकीलाही गाठ लागली नाही. बाईंनी मला चहा दिला आणि मी तो प्यायले, काय करणार.

परवा ती वेलंकणीच्या यात्रेला निघाली, तर टोप्यांचं गाठोडंही बरोबर घेतलं. माउंट मेरीला नाही, थेट मद्रासच्या पलीकडे. तिथे बाळांच्या टोप्यांचं काय काम? शिवाय मागचं पत्र पेटीत टाकायला मी तिच्याकडे दिलं होतं, तेव्हा तिने पाकीट जरा जास्तच वेळ हातात धरलं होतं. तुझा पत्ता उतरवून घेतला असणार.

मी ठरवलं आहे. शिळ्या सणाला इस्पितळात सगळ्याजणी आणि नर्सबाईंच्या देखत गाठोडं सोडायला लावीन आणि माझ्या खुणेच्या टोप्या कुठे आहेत ते विचारीन. आठ वर्षांत ह्या बाजूला मला एक माणूस मिळालं होतं. ते असं निघालं, ह्याचं दुःख होतं गं. बुधवार संपले तर मग माझ्या आठवड्यात राहतं काय?

नव्याच्या सणाचं नक्की नाही. तुझ्याकडे यावं की नाही, ह्याचाही विचार करते आहे.

लोभ ठेवायचा तर नीट ठेवावा.

तुझी
एलीताई


वेलंकणी
५ सप्टेंबर २०२५

माननीय सालोमीबाई यांस उर्सुलाचा जय ख्रिस्त.

तुम्ही मला ओळखत नाही. एलिसाबाईंच्या पाकिटावरून तुमचा पत्ता मी त्यांना न विचारता घेतला, त्याची आधी क्षमा मागते. इथे नऊ दिवसांच्या नोव्हेनाला आले आहे, म्हणून लिहायला वेळ मिळाला.

एलिसाबाई आमच्यात सगळ्यांत चांगलं विणायच्या. पण ह्या वर्षी त्यांचे टाके सुटू लागले. टोपीला मधेच भोक राहतं, करंगळी जाईल एवढं. आषाढात नर्सबाईंनी चार टोप्या मला परत दिल्या, एवढ्याशा बाळाच्या डोक्याला वारा लागेल म्हणाल्या. चारही एलिसाबाईंच्या होत्या. मला त्यांना सांगवलं नाही. टोप्यांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा बघितला असतात तर तुम्हीपण सांगितलं नसतं. म्हणून मी त्यांच्या टोप्या उसवते आणि त्याच लोकरीच्या परत विणते. गाडीच्या दोन दिवसांत सात झाल्या. आकडा त्यांच्याच नावावर लावते.

निघण्याआधीच्या बुधवारी त्यांनी माझ्या हाताकडे असं बघितलं की मी घाबरले. मला वाटतं त्यांना काहीतरी कळलं आहे आणि त्या दुखावल्या आहेत. त्यांना डोळे दाखवायला तुम्ही सांगा. मी म्हटलं तर म्हणतात की डॉक्टरला ऑपरेशनशिवाय दुसरं काही दिसत नाही.

आणखी एक विचारायचं होतं. त्यांच्या प्रत्येक टोपीच्या आत निळ्या धाग्याची एक गाठ असते. तुमच्या धर्मात त्याला काही अर्थ असेल. प्रार्थनेच्या शालीला असा निळा धागा असतो, असं त्याच एकदा बोलल्या होत्या. मी उसवताना तो जपून सोडवते आणि नव्या टोपीत त्याच जागी परत घालते. फक्त गाठ मारत नाही, बाळाला टोचेल. आतून सपाट टाका घालते आणि एक नमो मरिया म्हणते. चालतं का ते कळवा. चुकत असेल तर थांबवते.

तुमच्या घरासाठी मातेजवळ मेणबत्ती लावली आहे. ओळख नसताना लिहिलं, तरी माया असू द्या.

आपली
उर्सुला


अलिबाग
९ सप्टेंबर २०२५

ती. एलीताईस, सा. न. वि. वि.

हा कागद पांढरा आहे. मागचाही पांढराच होता, त्याच वहीतला. शेजाऱ्यांना विचार, औषधाच्या दुकानात विचार, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. साडी पांढरी आहे. तुझी भिंत पांढरी असणार, धोब्याच्या चादरी पांढऱ्या असणार, आणि लोकरही. आता एक तर अलिबागेपासून पापडीपर्यंत सगळ्यांनी मिळून तुझ्याविरुद्ध कट केला आहे, नाहीतर तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. दोन्हींतलं काय सोपं, ते तूच निवड.

आईला असंच झालं होतं, आठवतं? शेवटच्या वर्षी ती म्हणायची की दूधवाला दुधात हळद घालतो. आपण दोघी हसायचो. हसायला नको होतं.

उर्सुलाबाईंबद्दल मी आज एक अक्षर लिहिणार नाही. माझ्याकडे लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते तू माझ्याकडून ऐकलंस तर त्यातही काहीतरी शोधशील. ते तुझं तू बघ, पण डोळा झाल्यावर. तोवर त्यांच्याशी नीट वाग आणि एक शब्द बोलू नकोस. धाकटी असून हुकूम करते आहे.

सोमवारच्या लाँचने मी येते. नव्याचा सण आणि खिरीचा सण विरारलाच करू. डॉक्टरांचं नाव तू काढून ठेव, म्हणजे त्यांच्यावरचा संशय तरी तुझा स्वतःचा असेल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस. दार उघड म्हणजे झालं.

तुझी
सालू


चंदनसार
३ ऑक्टोबर २०२५, शिळा सण

चि. सालू हिस अनेक उत्तम आशीर्वाद. शालोम.

ओळी सरळ आल्या आहेत का बघ. उजव्या डोळ्याने लिहिते आहे. डावा दिवाळीनंतर.

रविवारी तू गेलीस आणि मी घरात एक खेळच लावला. उजवा डोळा मिटायचा आणि भिंत बघायची, मग डावा मिटून बघायची. एकीकडे हळद, एकीकडे चुना. चादरींचं तेच, तुझ्या पत्रांचं तेच. धोब्याला हाक मारून चहा पाजला. तो बिचारा घाबरला, बाई आता काय नवीन काढतात म्हणून.

बुधवारी, दारफळणीच्या सकाळी, मी पापडीला गेले. संध्याकाळपासून उपास लागणार, त्याआधी माणसांची क्षमा मागून मोकळं व्हायचं असतं. पण खरं सांगते, नुसती क्षमा मागायला गेले नव्हते. लड मी डोळ्यांनी नाही, हातांनी ओळखली होती, आणि गाठी बोटांना लागल्या नव्हत्या. मोतीबिंदूने रंगाचं कोडं सुटलं, पण उसवण्याचं आणि गाठींचं कुठे सुटलं होतं? तेव्हा थोडा संशय मी पिशवीत घालूनच नेला होता.

उर्सुला ओसरीवर गाठोडं सोडून बसली होती. मी एक टोपी उचलली आणि डावा डोळा मिटला. ताज्या खोबऱ्यासारखी पांढरी. उलटी केली. आतल्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा निळा टाका, सपाट, हाताला कळणारही नाही असा. दुसरी उलटी केली, तिसरी केली. माझ्या सदतीस टोप्या उलट्या केल्या सालू, आणि सदतीसांतही तो होता. उर्सुला काहीतरी मांडीखाली सरकवत होती, ते मी ओढून घेतलं. माझी अडतिसावी टोपी, अजून न उसवलेली. माझी टपोरी गाठ होती आणि तीन भोकं होती. एकातून माझं बोट आरपार गेलं. ही टोपी मी अभिमानाने विणली होती गं.

उजवा डोळा मिटला की उर्सुला चोर, डावा मिटला की साव. एवढ्या एका बोटभर पडद्यावर मी माझं माणूस घालवणार होते.

मी तिला सगळं सांगितलं. गाठ कशासाठी मारली होती तेही सांगितलं, लपवलं असतं तर क्षमेला काही अर्थ राहिला नसता. हातातली ओळ पूर्ण होईपर्यंत तिने मान वर केली नाही, आणि ती ओळ मला फार लांब वाटली. मग तिने विचारलं, की प्रत्येक टाक्याला तिने एकेक नमो मरिया म्हटलं आहे, तर आता ते सदतीस परत घ्यायचे का? मला रडू आलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने रडायचं नाही म्हणून तीच ओरडली, आणि सुई माझ्या हातात देऊन ओवून मागितली. पहिल्याच झटक्यात ओवली. अडतिसावी आम्ही दोघींनी मिळून उसवली.

काल आईची साडी नेसले. साडी पांढरी आहे सालू, होती तशीच आहे. तुला नको ते बोलले, त्याची क्षमा कर. आईच्या दुधाच्या हळदीबद्दलही तिची क्षमा मागितली, तुझ्याही वतीने. दिवसभर दार लावून होते. बाहेर दसरा चालला होता, कुणीतरी फटीतून आपट्याचं पान आत सरकवलं. दार उघडल्यावर ते पायाशीच सापडलं, उचलून पत्रांच्या डब्यात ठेवलं.

आज इस्पितळात गेलो. शंभर भरल्या. ज्या जागी उभी राहून मी उर्सुलाला उघडं पाडणार होते, तिथेच उभी होते. नर्सबाईंनी एक टोपी बाळाला घालून दाखवली. ते डोकं खरंच लिंबापेक्षा फारसं मोठं नव्हतं. कड दुमडताना त्यांना आतला टाका दिसला आणि त्यांनी विचारलं, की हे निळं कसलं. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. उर्सुला मात्र जमिनीकडे बघत होती.

मी सांगितलं, की ती प्रार्थना आहे.

लोभ आहे. ह्या वेळी तपासून पाहिला नाही.

तुझी
एलीताई